भट्टीत गेलेला हत्ती

लहानपणी माझ्याकडे लोखंडाचा एक हत्ती होता. सोंडेवर पैसा ठेवायचा, शेपटी दाबायची, की सोंड खाडकन वर जाऊन पैसा पाठीतल्या फटीत टाकायची. माझे आजोबा रेल्वेत गँगमन. कोण्या गोऱ्या साहेबानं विलायतेले परत जाताना सामान वाटलं, त्यात तो त्यांना भेटला अन् त्यांनी मले देला. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरात, असला गल्ला दुसऱ्या कोणाकडे नव्हता. पोरी दारात लाइन लावत, अन् मी लई भाव खाऊन एकेकीले शेपटी दाबू देई.

सात वर्षांची असताना एक दिवस शाळेतून आली, तर हत्ती जागेवर नाही. मायले विचारलं. ती भाकरी थापून राहिली होती. मान वर न करता म्हणाली, "गेला भट्टीत!"

आता त्या दिवसांत भिलाईत भट्टी म्हणजे एकच. कारखान्याची पहिली भट्टी पेटणार, पेटणार, म्हणून सारं गाव तिच्याच गोष्टी करून राहिलं होतं. बाबा त्याच बांधकामावर फिटर होते. मले वाटलं, लोखंड कमी पडलं असन, म्हणून बाबांनी आपला हत्ती देऊन टाकला. दोन दिवस रडली, अन् मग गर्वानं अशी फुगली की विचारू नका! शाळेत सांगितलं, तर बाईंनी टाळ्या वाजवायले लावल्या. संध्याकाळी बाबांचे दोस्त क्वार्टरसमोर खाटेवर बसले होते. त्यांनाही ठणकावून सांगितलं, "आमच्या बाबांनी माझा हत्ती भट्टीत देला!" सगळे खो-खो हसले. एक जण तर खाटेवरून पडता पडता राहिला. मले वाटलं, कौतुकच करून राहिले. एकटे बाबा हसले नाहीत, उठून आत गेले.

हत्ती काही मनातून जाईना. मोठी झाल्यावरही जवळच्या सुपेल्याच्या बाजारात गेली, की भंगारवाल्यांच्या ढिगात तसाच दुसरा धुंडायची. माय चिडे, "काऊन उकरतं ते भंगार? पागल झाली का?" मी मास्तरणीच्या ट्रेनिंगले लागली, त्या वर्षी एका भंगारवाल्यानं सांगितलं, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात असा हत्ती आहे. गेली धावत. तराजूजवळ हत्ती उभा, शेपटीच्या जागी सायकलचा स्पोक. मूळ शेपटी तुटली तेव्हा आजोबांनी तो माझ्यासमोर बसवला होता. भट्टीत गेलेला परत येईन कसा?

"दादाजी, ये आपको कहाँ मिला?"

"यहाँ पहले मेरी भट्टी थी बेटी, महुआ की," म्हातारा दुकानदार म्हणाला. "एक फिटर पी के पैसे के बदले रख गया. फिर कभी आया ही नहीं."

अगं माय! दारूची भट्टी! मायचं बोलणं दहा वर्षांनी माझ्या डोक्यात शिरलं. खाटेवरचे ते सगळे तेव्हाच समजले होते. अन् बाबा त्यानंतर कधी पिऊन घरी आले नव्हते, हेही तेव्हाच ध्यानात आलं. बाबांचा राग यायले पाहिजे होता, पण आला तो माझाच. साऱ्या दोस्तांसमोर मी माझ्या बापाची इज्जत काढली होती, तेही छाती फुगवून.

मागितले तेवढे पैसे देऊन हत्ती घेतला. रस्ताभर एकच घोर, बाबाले काय सांगू? त्यांची मान पुन्हा खाली जायले नको होती. घरी बाबा चहा पिऊन राहिले होते. हत्ती समोर ठेवला अन् ठरवलेलं खोटं भडाभडा बोलली, "बाबा, पाहा ना, आपला भट्टीत गेला, अगदी तसाच दुसरा भेटला!"

बाबांनी तो उचलला. उलटापालटा करून पाहिला. माय दारात येऊन उभी राहिली.

"दुसरा नाही, पोरी," बाबा म्हणाले. "तोच हाये. मीच पिऊन टाकला होता." मग हत्ती तसाच मांडीवर धरून म्हणाले, "तू तेव्हा इतकी खुश होती, मले खरं सांगवलंच नाही."