फीमाफीच्या अर्जातले गोठ

मुलांनो, माझ्या इंग्रजी शिक्षणाचा घरात कुणाला उपयोग झाला का, असं विचाराल तर एकदा झाला, आणि तो चांगला झाला नाही.

भिलाईत कारखाना उभा राहत होता. आम्ही नव्या क्वार्टरमध्ये राहायचो. लाल धूळ भांड्यांवर बसायची, मी दिवसातून दोनदा पुसायची. त्या साली सासूबाईंची धाकटी बहीण, आमच्या विधवा मावशी, आमच्याकडे आल्या. त्यांच्या सासरचं शेत कारखान्यासाठी गेलं होतं आणि मोबदला दिरानं एकट्यानं उचलला होता. मावशींना आपला वाटा हवा होता. त्यातून स्वतःची एक खोली घ्यायची, कुणाच्या आश्रयाला राहायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं.

वकील कशाला, मी लिहिते, असं मीच म्हणाले. समासाची रेघ आखून, परिच्छेदांना आकडे घालून इंग्रजीत दावा लिहिला. दुर्गच्या कोर्टातल्या मराठी कारकुनानं तो चाळला.

"अक्षर झकास आहे, बाई. स्टॅम्प कुठं आहेत?"

जेवढा दावा मोठा, तेवढी कोर्ट फी जास्त, हे मला ठाऊक नव्हतं. ती आमच्या आवाक्याबाहेरची होती. गरीब म्हणून माफी मागता येते, पण अर्जासोबत आपल्या सगळ्या चीजवस्तूंची यादी लागते, असं त्यानं सांगितलं.

घरी यादी करायला बसलो. पाण्याचा पितळी गुंड, दोन लुगडी, घोंगडं.

"हातातले सोन्याचे गोठ दोन. लिही," मावशी म्हणाल्या.

"मावशी, गोठ दाखवले तर फी माफ व्हायची नाही."

"दीर उभा राहीन तिथं. यादी वाचतीन त्याच्यासमोर. मी काय भिकारीण दिसू? लिही तू."

"आहेत कुठे?"

"पेटीत हाय."

पेटी मी उघडून पाहिली नाही. त्यांनी सांगितलं तेवढं वजनही लिहिलं.

कोर्टात जज्जसाहेबांनी यादी वाचून विचारलं, हे खरं आहे? मावशींचे दीर मागेच उभे होते. "हो जी," मावशी शपथेवर म्हणाल्या. अर्ज नामंजूर झाला. फी भरायला महिन्याची मुदत मिळाली.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, आता गोठ मोडू या.

"कायचे गोठ," खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या. "तुझ्या मावससासऱ्याच्या आजारपणातच गेले."

"मग परत जाऊन साहेबांना सांगू."

"शपथ घेतली न मी. आता लबाड म्हणतीन. अन् दीर हासन."

तुमच्या आजोबांनी माझ्या नणंदेच्या लग्नासाठी पगारावर आधीच उचल घेतली होती; फीसाठी आणखी मिळेना. मुदत सरली. निकाल इंग्रजीत होता, चारच ओळींचा. मी तो मावशींना मराठीत सांगितला.

"माझा वाटा नाही म्हणते काय साहेब?"

"वाट्याचं त्यांनी पाहिलंच नाही. फी भरली नाही म्हणून दावा फेटाळला."

"मंग वाटा आहे का नाही माझा?"

कागदाची घडी घालून मी तो फाइलीत लावला.

मावशी आमच्याकडेच राहिल्या, मागच्या व्हरांड्यात, शेवटपर्यंत. पाहुणे यायचे असले की स्वतःची वळकटी उचलून कोळशाच्या पोत्यांमागे ठेवायच्या. मी कधीच तसं सांगितलं नव्हतं. नका ठेवू, असंही कधी म्हटलं नाही.