माधव नगरातलं लॅटिन

उज्जैनमध्ये बसून लॅटिन शिकणाऱ्याच्या पदरात दुसरं काही पडो न पडो, किस्से मात्र भरपूर पडतात. लोक विचारतात, "लॅटिन? इथे? फायदा काय?" फायदा काही नाही बाबा. दर रविवारी माधव नगरात सरांच्या घरी बसायचं, एवढंच. सर कॉलेजातून रिटायर झालेले. रोमन साम्राज्याच्या पडत्या काळातले शिलालेख हा त्यांचा ध्यास. विद्यार्थी दोनच: बँकेतला मी आणि मेडिकल स्टोअरवाले दुबेजी. सरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, नाव घातलं नव्हतं, पण सगळ्यात जास्त प्रश्न त्याच विचारायच्या, स्वयंपाकघरातून.

*

दगडावर ओला कागद चिकटवून ब्रशने ठोकायचा, वाळला की अक्षरं कागदावर उठतात. याला ठसा घेणं म्हणतात. आता लॅटिन दगड उज्जैनात कुठून आणणार? म्हणून टावर चौकातल्या प्याऊच्या, म्हणजे पाणपोईच्या, संगमरवरी पाटीवर प्रॅक्टिस करायला गेलो. समोरचा दुकानदार धावत आला.

"अंकल, क्या मिटा रहे हो?"

"मिटा नहीं रहे, पढ़ रहे हैं," दुबेजी म्हणाले.

"पर ये तो हिंदी में लिखा है."

पाटी त्याच्या वडिलांच्या नावाची निघाली. कागद वाळेपर्यंत तो तिथेच उभा राहिला. मग उठलेल्या नावावरून त्याने बोट फिरवलं आणि कागद मागितला. सरांनी देऊन टाकला.

*

रोमवर चालून आलेल्यांना 'रानटी टोळ्या' म्हटलेलं सरांना खपायचं नाही. "अरे, गाड्यांत लेकरं, भांडीकुंडी घालून निघालेली माणसं ती. मागून हूण आले म्हणून पुढे सरकली."

आतून काकू म्हणाल्या, "म्हणजे आपल्यासारखीच. आपले लोक सरदारांच्या मागे तलवारी घेऊन इथे आले आणि कारकुनी करत बसले. आता पोरं परत पुण्याकडे निघालीत."

त्यांचा एकुलता एक मिलिंद पुण्यात नोकरीला. त्या रविवारी पुढे धडा काही झाला नाही.

*

शिलालेखातलं अक्षर नीट दिसत नसेल, तर उतरवताना त्याखाली टिंब द्यायचं असा नियम आहे. सरांच्या अंगात तो पार मुरलेला. काकूंनी विचारलं, "भाजी कशी झालीय?" की हे म्हणणार, "चांगली असावी."

"बघा, इथेही टिंब," काकू आम्हाला म्हणायच्या.

*

एकदा सरांनी डॅन्यूब नदीकाठच्या एका थडग्याचा फोटो दाखवला. डाव्या अर्ध्यात बायकोचं नाव, उजवा अर्धा कोरा. नवऱ्याने स्वतःसाठी राखलेला. पण टोळ्या नदी ओलांडून आल्या, गाव उठलं, तोही कुठेतरी गेला. ती जागा तशीच राहिली.

काकू हात पुसत बाहेर आल्या. "मग पुरलं कुठे त्याला?"

"माहीत नाही."

"मग शोधा की. इतकी पुस्तकं कशाला आणलीत?"

तेव्हापासून दर रविवारी चहा ठेवता ठेवता त्या विचारायच्या, "सापडला का हो तो?" आणि सर नकारार्थी मान हलवायचे.

*

काकू हॉस्पिटलमध्ये होत्या तेव्हाची गोष्ट. शेवटचे दिवस. बोलणं जवळजवळ थांबलं होतं. सर उशाशी, मी पायाशी. काकूंनी डोळे उघडले.

"सापडला का तो?"

"सापडला," सर म्हणाले.

"कुठे?"

"तिच्याच शेजारी."

सरांना इतक्या ठामपणे बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. मला काही तिथे थांबवेना. बाहेर येऊन रडलो.

*

काकू गेल्यावर मिलिंद म्हणाला, बाबांना एकटं ठेवणार नाही. त्याचंही बरोबरच होतं. सामान बांधलं, पुस्तकं दुबेजींकडे ठेवली. सरांनी एकच हट्ट धरला: कॉलनीच्या बागेत काकूंच्या नावाचा बाक हवा. निघायच्या दिवशी सकाळी आम्ही पाटी बघायला गेलो. मिलिंद फाटकापाशी गाडीत थांबला होता.

डावीकडे काकूंचं नाव सुरेख कोरलेलं. कारागीर छिन्नी पुसत म्हणाला, "साहब, आधा पत्थर खाली जा रहा है. फूल-पत्ती बना दूँ?"

"नहीं. रहने दो."

मग सर माझ्याकडे वळले. "तू तर उज्जैनमध्येच राहणार ना?"