वीज एकदाच येते

माझं काम लोकांना समजावून सांगायचं म्हणजे पंचाईत. चिपचा आराखडा करणारे वेगळे, ती बनवणारे वेगळे, आणि आराखडा चुकलेला नाही हे गणितानं सिद्ध करणारे आम्ही आणखी वेगळे. बाकीचे थोडे प्रसंग चालवून बघतात आणि समाधान मानतात. आम्ही म्हणायचो, नमुने कशाला, घडू शकतात तेवढे सगळेच प्रसंग तपासू. या 'सगळेच'चा मला भारी माज होता.

दोन हजारनंतरची वर्षं होती. पुण्यातल्या एका लहान कंपनीत आम्ही औषधाच्या पंपाची चिप तपासत होतो. शिरेतून सावकाश औषध सोडणारा पंप. सिद्ध करायचं होतं एवढंच, की मोटर मर्यादेबाहेर पळाली तर गजर वाजलाच पाहिजे. पण आमचं सॉफ्टवेअर भलतेसलते प्रसंग उकरून काढायचं, आणि मग त्याला गप्प करायला आम्ही एखादी ओळ लिहून द्यायचो, की बाबा, अमुक गोष्ट गृहीत धर. ऑफिसात सगळेच लिहायचे. त्यातली एक ओळ अशी होती की वीज एकदा आली की स्थिरावते, लगेच पुन्हा जात नाही. गिऱ्हाइकाच्या कागदांतही तसंच होतं, आणि आमच्या जनरेटरमुळे वीज गेलेली आम्हाला कधी कळायचीच नाही. ती ओळ सगळ्यांनी वाचली, कुणालाच खटकली नाही. सिद्धता पूर्ण झाली आणि पेढे वाटले.

आराखडा कारखान्याकडे जायच्या आठवड्यातच अब्बांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांना भोरमधल्याच एका खासगी दवाखान्यात ठेवलं होतं. मी एसटीनं पोचले. सारोळ्याच्या रस्त्यावर टेम्पो चालवण्यात जन्म गेलेला माणूस, त्यांना पडून राहायचं अगदी जिवावर आलं होतं. उशाशी पंप होता. आमचा नव्हे, दुसऱ्याच कुणाचा, जुनाट, वायरीला चिकटपट्टी लावलेला.

दुपारी वीज गेली. लगेच आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. पंपातली बॅटरी बहुधा केव्हाच मेली होती. तोही विझला, पेटला, विझला, पेटला. वॉर्डात कुणी मान वर केली नाही. सिस्टर आली, आकडे पुन्हा घातले आणि निघून गेली. अब्बांना काही झालं नाही. मला मात्र आमची ती ओळ आठवली. सगळेच प्रसंग आम्ही तपासले होते, हा एक सोडून. आणि भोरात हा रोजचा होता.

एसटी स्टँडजवळच्या बूथवरून ऑफिसात फोन लावला. सहकाऱ्याला म्हटलं, ती ओळ खोड आणि पुन्हा चालव. मग बाकावर बसून राहिले. गजर न वाजणारा प्रसंग सापडू नये अशी मी मनातल्या मनात दुआ मागत होते. आयुष्यभर चुका शोधण्याचा पगार घेणारी बाई मी. थोड्या वेळानं परत लावला तर त्याचा आवाज उतरला होता.

"सापडला," तो म्हणाला. "वीज दुसऱ्यांदा आली की मोटर सुसाट सुटते. आणि गजर वाजतच नाही."

मी साहेबांना फोन द्यायला सांगितलं. आराखडा सकाळीच गेला होता. मी म्हटलं, परत मागवा. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "जे गृहीत धरलंय, त्यात आपली सिद्धता खरीच आहे." कारखान्याला थांबवणं आता परवडायचं नाही, गिऱ्हाईक फार तर माहितीपत्रकात एक इशारा छापेल, असंही म्हणाले. माहितीपत्रक वाचतं कोण, असं मी विचारलं, तर त्यांनी अब्बांच्या तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला. मला खरोखर भीती वाटली.

परतले तर अब्बा शेजारच्या खाटेवरच्या उत्रोलीच्या म्हाताऱ्यांना माझ्याविषयी सांगत होते.

"आमच्या पोरीचं मशीन येनार हाय आता. गनितानं तपासलेलं. त्यात चूक निगतच न्हाई."

मी खाली बसले आणि त्यांचा हात धरला. सलाईनच्या पट्टीखाली तो गार लागत होता.

"अब्बा, ते हितं नको यायला."

भोरसारख्या गावाला एवढं महागाचं यंत्र कोण देणार, असं मी म्हणतेय, असं त्यांना वाटलं. माझी समजूत काढत ते म्हणाले, "यील गं. पुण्यात जुनं झालं, की हितंच पाठवत्यात."