आठव्या बाजूचं लग्न

क्षमा करणं मला जमत नाही असं नाही. जमतं, पण त्यात मजा येत नाही. मजा असते ती आतल्या आत राग मुरवत ठेवण्यात, वरून हसून बडीशेप पुढे करण्यात आणि योग्य दिवसाची वाट पाहण्यात. पुढची हकीकत अशाच एका दिवसाची आहे. नावं घेणार नाही. जयपुरातली मराठी वस्ती एवढीशी आहे की नावं न घेताही सगळ्यांना कळेल, आणि कळलं तर माझी काही तक्रार नाही.

ह्यांची बँकेतून बदली झाली म्हणून आम्ही इथे आलो आणि रमलो. मी गोपालपुऱ्यात एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. दिवसभर मुलांना घर्षण समजावून सांगायचं आणि घरी येऊन रेकॉर्डवर सुई टेकवायची, असा माझा क्रम. मी जर्मन संगीतकारांच्या जुन्या रेकॉर्ड जमवते. जर्मनच का, असं लोक विचारतात. पहिली हाताला लागली ती जर्मन होती, एवढंच कारण. ती वीस मुलांचा बाप असलेल्या एका ऑर्गनवाल्याची होती. घरात इतकी पोरं असताना या माणसाने इतकं शांत काहीतरी नेमकं केव्हा लिहिलं असेल, या कुतूहलापोटी मी दुसरी घेतली. मग कपाट घेतलं.

शेजारचे एक साहेब निवृत्त होऊन गावी जाताना त्यांचं बंद पडलेलं रेकॉर्ड चेंजर आमच्या दारात ठेवून गेले. मी ते उघडून बसले आणि चालू केलं. त्याच्या मधोमध एक उंच दांडी असते. तिच्यावर चार-पाच रेकॉर्ड एकावर एक अडकवायच्या. एक वाजून संपली की वरची धप्पकन खाली येते आणि सुई आपण होऊन तिच्यावर जाते. सगळ्या संपल्या की अख्खा ढीग उलटा करून पुन्हा दांडीवर चढवायचा. अशा यंत्रांसाठी मोठे संच मुद्दाम वेगळे छापत. चार रेकॉर्डच्या संचात पहिल्या रेकॉर्डच्या मागे दुसरी बाजू नसते, आठवी असते. दुसरीच्या मागे सातवी, तिसरीच्या मागे सहावी, चौथीच्या मागे पाचवी. आधी एक ते चार ओळीने वाजतात, ढीग उलटला की पाच ते आठ. माणसाने मध्ये एकदाच उठायचं.

असा एकही संच माझ्याकडे नव्हता. यंत्र ठणठणीत होतं आणि ज्या कामासाठी ते जन्माला आलं, तेवढंच काम मी त्याला देऊ शकत नव्हते. कित्येक वर्षं मी तसा संच शोधत होते.

तो जयपूरच्या सोडाला भागातल्या एका कबाड्याकडे निघाला. कूलरच्या जुन्या जाळ्यांच्या मागे हिरव्या कापडाने मढवलेला डबा होता. आत एका फारशा नावाजलेल्या नसलेल्या जर्मन संगीतकाराचा ऑपेरा. पहिली रेकॉर्ड काढली, लेबलावर एक. उलटी केली, आठ. मी तिथेच कूलरच्या जाळीवर बसले.

पण डब्यात तीनच रेकॉर्ड होत्या.

"मैडमजी, चौथी ऊपर टांड पे होगी," दुकानदार म्हणाला. "कल दोपहर आ जाओ, निकाल के रखूँगा. डिब्बा आपका ही है."

डबा दुकानात राहिला तरच हा माळ्यावर चढून चौथी शोधेल, असा व्यवहारी विचार करून मी तो तिथेच ठेवला आणि हवेत तरंगत घरी आले.

त्याच संध्याकाळी आमच्या मराठी मंडळाचं महिन्याचं जेवण होतं. तिथे भाऊजी होते. भाऊजी म्हणजे ह्यांचे मित्र, मूळचे पुण्याचे, विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्याचे मॅनेजर. कारखान्यात जर्मन यंत्रं आहेत आणि त्यांच्या प्रशिक्षणासाठी भाऊजी दोनदा जर्मनीला जाऊन आलेत. परतताना ते जर्मन संगीताची आवड घेऊन आले, आणि मतंही. जर्मन कारखान्यात चूक होत नाही, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून वरणभाताइतक्या वेळा ऐकलं आहे. माझ्या संग्रहाला ते "वहिनींचा विरंगुळा" म्हणत आणि स्वतःच्या संग्रहाला "अभ्यास".

आनंदाच्या भरात मी त्यांना सगळं सांगून टाकलं. दुकान कुठल्या गल्लीत, डबा कुठल्या कोपऱ्यात, मी जाळीवर कशी बसले तेसुद्धा. ह्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. मी दुर्लक्ष केलं. एकच गोष्ट सांगायची राहिली, एकाच्या मागे आठ असण्याची, कारण तेवढ्यात श्रीखंड आलं. त्या श्रीखंडाची मी आजन्म ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी क्लास संपवून मी दुकानात गेले.

"वो तो आपके देवरजी सुबह ही ले गए," दुकानदार म्हणाला. "बोले, भाभीजी ने भेजा है."

"चौथी मिली थी?"

"मिल गई, मैडमजी. साथ में दे दी."

घरी आल्यावर हे म्हणाले, "मी पाय दाबला होता."

"तुम्ही नेहमीच दाबता. आमटी खारट झाली तरी दाबता. मला कसं कळणार?"

भाऊजींचा फोन आलाच. "अहो वहिनी, तुमच्यासाठीच उचलला. म्हटलं, मध्येच दुसऱ्या कुणी नेला तर? पण घरी आणून पाहिला आणि वाटलं, या वस्तूला यंत्रही तोलामोलाचं हवं. कधीही या ऐकायला, घर तुमचंच आहे."

"खरंय," मी म्हणाले. त्या दिवशी मी एवढंच बोलले आणि ते मुरायला ठेवून दिलं.

डबा गेला ते एक वेळ सोसलं असतं. पण पुढच्या महिन्याच्या जेवणाला भाऊजी सगळ्यांना डबा सापडल्याची गोष्ट सांगत होते. सोडाल्यातला कबाडी, जाळ्यांच्या मागचं हिरवं कापड, आणि मग आवाज खाली आणून, "मी तर कूलरच्या जाळीवर बसलोच." माझं बसणंसुद्धा त्यांनी उचलून नेलं होतं. समोरच्या काकू म्हणाल्या, "पारखी नजर लागते हो त्याला." मी काकूंना बडीशेप दिली.

मग एके दिवशी पुन्हा फोन. भाऊजींनी घरी श्रवणसत्र ठेवलं होतं. मंडळातली सगळी मंडळी येणार होती. शिवाय कारखान्यात नवं यंत्र बसवायला आलेल्या जर्मन इंजिनीअर बाई खास पाहुण्या.

"वहिनी, जुना माल तुमच्या हाताखालून जास्त जातो म्हणून विचारतो. या पहिल्या रेकॉर्डच्या मागे आठ लिहिलंय."

"हो का?"

"दुसरीच्या मागे सात."

"काय सांगता."

"लेबलं चिकटवताना कुणीतरी घोळ घातलाय, दुसरं काय. एकाच्या मागे दोनच असणार."

चुकीचं उत्तर ऐकलं की दुरुस्त करायची मला सवय आहे. त्याचाच पगार मिळतो. बरोबर उत्तर अगदी ओठांपर्यंत आलं होतं, ते मी गिळलं.

"भाऊजी, जर्मनीला दोनदा तुम्ही जाऊन आलात. तुम्हाला जास्त कळणार."

"ते आहेच," भाऊजी म्हणाले.

मी एक शब्दही खोटं बोलले नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

सत्राच्या दिवशी मी माझी जांभळी पैठणी नेसले. हे म्हणाले, "लग्न आहे का कुणाचं?" मी म्हटलं, "आहे. वेळेआधी आहे." ऑपेराचं कथानक मी डबा पाहिला त्याच दिवशी शोधून वाचलं होतं, त्यामुळे काय होणार ते त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं.

भाऊजींनी कोट घातला होता. हातात कथानकाचे छापलेले कागद. खुर्च्या मांडल्या होत्या, बटाटेवडे झाले होते, जर्मन बाई पहिल्या रांगेत, मी बरोबर त्यांच्या मागे.

पहिली बाजू व्यवस्थित वाजली. हट्टी गिरणीवाला बाप मुलीचं लग्न कुणाशीच लावून देणार नाही अशी शपथ घेतो. टाळ्या. भाऊजींनी रेकॉर्ड उलटली. "आता दुसरी बाजू. ती मुलगी नदीकाठी एका शिपायाला प्रथमच पाहते. बासरीकडे लक्ष द्या."

वाजायला लागली आठवी. चर्चच्या घंटा, ढोल आणि साठ-सत्तर माणसांचं खणखणीत समूहगान. खुर्च्या हादरल्या. बासरीचा पत्ता नव्हता.

भाऊजी किंचित थबकले. मग एक बोट वर करून म्हणाले, "हे लग्न तिच्या मनात लागतंय."

काय माणूस आहे हो. मी मनापासून टाळी वाजवली.

दुसरी रेकॉर्ड लावताना, पुढे बाप गुत्त्यात जाऊन धिंगाणा घालतो असं त्यांनी सांगितलं आणि ती नदीकाठची हळुवार बासरी सुरू झाली. "पाहा, दारू चढली की जर्मन माणूस असा हळवा होतो." मग ती उलटून बाप आणि शिपाई यांचं कडाक्याचं भांडण सांगितलं आणि बापाची अंत्ययात्रा वाजली, संथ, गंभीर, पावलापावलाने. "राग किती संयमी आहे. आपल्याकडे भांड्यांचा आवाज झाला असता." सगळ्यांनी माना डोलावल्या. समोरच्या जर्मन बाईंचे खांदे हलायला लागले होते. त्यांनी रुमाल तोंडाशी धरला. माझ्या शेजारी बसलेल्या त्याच काकूंना वाटलं, बाई रडताहेत, म्हणून काकूंनीही डोळ्यांना पदर लावला.

भाऊजींनी तिसरी रेकॉर्ड लावली आणि हळू आवाजात म्हणाले, "पाचवी बाजू. आता बाप मरणार आहे. कृपया मोबाइल बंद ठेवा."

सगळ्यांनी ठेवले. आणि गुत्ता सुरू झाला. पेले आपटताहेत, कुणीतरी खिदळतंय, सगळे झिंगून गाताहेत आणि सगळ्यांच्या वरताण बापाचा दणदणीत आवाज. काकू मुसमुसत मला म्हणाल्या, "किती करुण, नाही?"

"फार," मी म्हणाले.

जर्मन बाईंना आता आवरेना. भाऊजींना वाटलं, भारावल्या. त्यांनी आवाज कमी केला आणि त्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली. बाई डोळे पुसत उठल्या आणि साध्या इंग्रजीत म्हणाल्या, "माफ करा. तो मरत नाहीये. तो आणखी एक पेला मागतोय. मघाशी आपण त्याला पुरलं. आणि त्याच्या आधीच मुलीचं लग्न लागून गेलं."

भाऊजी हसले. "लेबलं चुकीची आहेत. मी म्हणतच होतो."

बाईंनी वाकून लेबल पाहिलं. "यावर तीन लिहिलंय आणि तिसरीच बाजू वाजतेय."

"म्हणजे, कारखान्यात चिकटवताना..."

"शक्य आहे," बाई म्हणाल्या. "पण खाली लिहिलंय, कारखाना जर्मनीतला आहे."

मंडळातला प्रत्येक माणूस वर्षानुवर्षं ते वाक्य ऐकत आलेला. मागच्या रांगेतून आधी एक खुसखुस आली, मग दुसरी, मग खोलीच फुटली. काकू पदर खाली घेऊन विचारत होत्या, "म्हणजे मी कुणासाठी रडले?" हे माझा पाय दाबत होते. मी दाबू दिला. पैठणीचा पदर सावरून मी तिसरा बटाटेवडा घेतला, आणि इतका चविष्ट वडा मी आयुष्यात खाल्लेला नाही.

पुढच्या रविवारी सकाळी भाऊजी आमच्या दारात, काखेत हिरवा डबा.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं."

"दुकानात पाहिलं तेव्हापासून."

"मग सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे, भाऊजी? तुम्ही कळवलंत."

ते सोफ्याच्या कडेवर बसले. एकदा तुमच्या यंत्रावर नीट ऐकवा, म्हणाले, मग घेऊन जातो.

"ऐकवते. पण मग डबा इथेच राहील. नाहीतर असं करा, पुढच्या जेवणाला उभं राहून सांगा, हा कुणी शोधला आणि कुणाचा दीर होऊन कुणी नेला. दोन्हींतलं एक."

भाऊजींनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे वर्तमानपत्रातल्या शेअरबाजारात बुडाले होते. भाऊजींनी बराच विचार केला आणि डबा टीपॉयवर ठेवला. "राहू दे तुमच्याकडे. आपल्यात काय." उभं राहून खरं बोलण्यापेक्षा त्यांना डबा देणं स्वस्त वाटलं. डबा दिला म्हणजे मी गप्प बसेन, असं ते धरून चालले होते. तसं मी म्हटलं नव्हतं.

मी चारही रेकॉर्ड दांडीवर चढवल्या. पहिली पडली, मग सुई गेली. दुसरी पडली, बासरी नदीकाठी आली. तिसरीला बाप गुत्त्यात शिरला आणि भाऊजी योग्य ठिकाणी हसले. चौथीला भांडण असं पेटलं की ते सोफ्याच्या कडेवरून पुढे सरकले. मग सुई उचलली गेली, खट्ट झालं आणि यंत्र थांबलं.

"पुढे?"

"आता ढीग उलटायचा असतो."

"मग उलटा ना."

"उलटते, तुम्ही निघालात की."

"वहिनी, निदान शेवट तरी."

"शेवट तुम्ही ऐकलाय की. आम्हा सगळ्यांना तुम्हीच तर ऐकवलात, दुसऱ्या नंबरला."

हे पेपर बाजूला ठेवून भाऊजींना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. दार लागल्याचा आवाज आला, तेव्हा मी दोन्ही हातांनी ढीग उचलला आणि उलटा केला.