'संपवा' लिहिलेलं बटण

हल्ली ॲप हवं असलं की लोक फोनवर बोट टेकवतात, आणि ते आपोआप उतरून बिऱ्हाड मांडतं. त्याचं कुणाला काही वाटत नाही. मला वाटतं, कारण आमच्या वेळी प्रोग्रामला पोचवायला माणूस लागायचं, आणि ते माणूस म्हणजे आम्ही दोघी.

शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानाच्या वर आमची एक खोली होती. कॉलेजातली मैत्रीण आणि मी मिळून गावोगावच्या दूध डेअऱ्यांसाठी प्रोग्राम लिहिला होता. कुणी किती दूध घातलं, फॅट किती लागलं, सगळं मराठीत. नवी डेअरी मिळाली की स्कूटर निघायची. ती चालवणार, मी मागे फ्लॉप्यांचा डबा ओढणीत गुंडाळून पोटाशी धरणार. गावात प्रोग्राम चढवायचा, चहा घ्यायचा आणि 'जेवल्याबिगार जायचं न्हाय'ला नको नको म्हणत जेवूनच परतायचं. त्या दिवसांइतकं सुख मला नंतर कुठल्याच कामानं दिलं नाही.

मग तिचं लग्न ठरलं, सासर हैदराबादचं. मला स्कूटर येत नव्हती, आणि एकटीनं गावं पालथी घालणं मला झेपणारं नव्हतं. ती गेली की खोलीला कुलूप, हे स्पष्ट दिसत होतं. तीच म्हणाली, "आपण न जाता प्रोग्राम गेला पाहिजे. अशी सीडी करते की कुणीही घालावी आणि बटणं दाबत जावं."

बोलायला सोपं होतं. प्रोग्राम नुसता उचलून पाठवला की दुसऱ्या कंप्युटरवर तोंडघशी पडायचा, कारण त्याला लागणाऱ्या बारीकसारीक फायली तिथं नसायच्या. मराठी फॉन्ट राहिला तर 'म्हैस'च्या जागी भलतीच चिन्हं उमटायची. घरी तिची आई लेकीचं रुखवत मांडत होती आणि लेक इकडे प्रोग्रामचं रुखवत भरत होती. मी कारण नसताना तिच्यावर खेकसायचे. ती जाणार याचा राग होता तो, दुसरं काही नाही.

पहिली सीडी हातकणंगल्याजवळच्या एका डेअरीला एसटीनं पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथल्या सेक्रेटरींचा फोन आला.

"ताई, समदं झालं बगा. आता शेवटाला एक बटण आलंय, 'संपवा' म्हणतंय. काय संपवू?"

"दाबा की ते!"

"आवो, गावानं काढल्याली डेअरी हाय. मी एकटा कशी संपवू? सकाळधरनं कंप्युटरवर टावेल टाकून ठेवलाय, कुणाला हात लावू दिला न्हाय."

मी कपाळावर हात मारला. इंग्रजी 'फिनिश'ला हा शब्द आम्ही दोघींनी डोकं खाजवून शोधला होता. ती हसून हसून जमिनीवरच बसली, मग माझ्या हातून फोन ओढून म्हणाली, "काका, बिनघोर दाबा. डेअरीला काय होत नाही."

संध्याकाळी तिनं त्या बटणावर 'झालं' असं लिहिलं. लग्नाआधीचं तिचं शेवटचं काम तेच.

त्यानंतर सीड्या एकट्याच जात राहिल्या, कसबा बावड्यापासून थेट कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत. खोली टिकली. मला मात्र कुणी बोलावेना. एकदा न राहवून मीच सेक्रेटरींना फोन केला, येऊन बघून जाऊ का म्हणून.

"कशाला तरास घेताय ताई? झ्याक चाललंय की!"

आनंद व्हायला हवा होता. मला रडू फुटलं. तसाच हैदराबादचा नंबर फिरवला. माझा आवाज ऐकताच तिनं विचारलं, "काय गं, कुणाचं अडलंय?"

"डेअऱ्यांचं कुणाचंच नाही," मी म्हटलं. "माझं अडलंय."