मान वळवायची नाही

आमच्या समूहगानाच्या मंडळात नव्या माणसाची परीक्षा घेत नसत. त्यानं चार रविवार यायचं, सगळ्यांबरोबर गायचं आणि चौथ्या रविवारी बाई एकच विचारत, "राहणार का?" उत्तर त्यानंच द्यायचं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. तालीम त्याच शाळेत, चौथीच्या वर्गात चाले. आम्ही पन्नाशीचे लोक छोटे बाक भिंतीला सरकवून उभे राहायचो.

पहिल्या दिवशी बाईंनी रीत सांगितली. वेळेवर या, दुसऱ्याच्या आवाजाबद्दल चांगलं-वाईट काही बोलू नका आणि शेजाऱ्याचा सूर चुकला तरी मान वळवायची नाही. या शेवटच्याचं मला हसू आलं. दोन वर्षं पेटी शिकून मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेलो. मला वाटलं, हे सगळं कच्च्या लोकांसाठी.

माझ्याबरोबर आणखी एक जण नवे होते. हर्सूलच्या तुरुंगात पहाऱ्यावर नोकरी करून निवृत्त झालेले, माझ्याहून वडील, सायकलवर यायचे. "जलमभर हजेरीची नावं वरडलो," ते मला म्हणाले. "आता एकदा गाऊन बघायचंय. घरचे हसत्यात, म्हणून इथं आलो." हसण्यासारखंच होतं. आवाज खणखणीत, पण सूर काही त्यांच्या वाटेला जायचा नाही. ते मात्र डोळे मिटून गायचे आणि गाणं संपलं की त्यांचा चेहरा नुकती अंघोळ केल्यासारखा दिसायचा.

तिसऱ्या रविवारी वरच्या सुरावर ते असे काही घसरले की माझी मान वळलीच. वर मी भुवयाही उंचावल्या. नेमके तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते. तोंडानं तर काही बोललो नाही ना, अशी मी स्वतःची समजूत घातली.

चौथ्या रविवारी बाईंनी विचारलं. मी हो म्हणालो. तेही म्हणाले, "राहतो की, बाई." मला हायसं वाटलं. मग गाणं सुरू झालं आणि माझ्या लक्षात आलं, त्यांचे ओठ हलतायत, आवाज येत नाही.

बाईंनाही ते कळलं असणार. पण दुसऱ्याच्या आवाजाबद्दल बोलायचं नाही ही रीत त्यांचीच, आणि बाई रीतीच्या पक्क्या. शेवटी न राहवून मीच एकदा फाटकापाशी त्यांची सायकल धरली.

"माझं चुकलं. तुम्ही गा हो," म्हणालो. लाज वाटत होती, अजूनही वाटते.

"नाय, नाय, साहेब. तुमचं काय चुकलं?" ते म्हणाले. "मला मधी उभं राहून ऐकायलाच लई गोड वाटतं."

पुढं सहा वर्षं मी त्यांच्या डाव्या हाताला उभा राहिलो. त्यांनी एकही रविवार चुकवला नाही. त्यांचा आवाज मी परत ऐकला नाही.