नात्याचा रकाना

"अक्का गेलीं... लवकर या. मी तेंचा भाऊ बोलतों."

फोन आमच्या घरच्या तंजावरी मराठीत होता. आत्याचा एकुलता भाऊ म्हणजे माझे वडील, आणि ते जाऊन कैक वर्षं झाली. आवाज ओळखीचा वाटला, भाषा मात्र त्या आवाजाची नव्हती. तो सेल्वम होता. दीड महिना झाला, तरी तो फोन कानातून जात नाही.

आत्या कुंभकोणमला नर्स होती. निवृत्तीनंतरही रोज सकाळी कापडी पिशवीत पट्ट्या आणि मलम घेऊन महामहम तळ्यावर जायची, पायऱ्यांवर राहणाऱ्यांच्या जखमा धुवायची. "निवृत्त कधी होणार?" मी चिडवायचो. "पायऱ्या रिकाम्या झाल्या कीं," ती म्हणायची.

सेल्वम तिथलाच. दोन वर्षांपूर्वी त्याचा पाय सडला, अंग तापानं फणफणलं. मी तेव्हा आत्याकडे आलो होतो. आम्ही त्याला रिक्षात घालून इस्पितळात नेलं. कारकुनानं खिडकीतून फॉर्म पुढे सरकवला. नातेवाइकाची सही नसेल तर खाट नाही. सेल्वम बाकावर थरथरत होता. आत्या चष्मा घरी विसरली होती, म्हणून तिनं फॉर्म भरून सही करायला माझ्याकडे दिला. चारचौघांत काही लपवायचं असलं की आम्ही मराठीत बोलतो. इथं तमिळ मुलखात ती कोणाला कळत नाही, ही आमची पिढीजात समजूत. मी म्हणालो, "मी सही करणार नाहीं. मेला तर अस्कें, सगळेंच, आपल्या गळ्यांत येईल. हा आपला कोण?"

आत्यानं फॉर्म माझ्या हातून परत घेतला. तिनं अदमासानं, ओळ सोडून, वाकडंतिकडं लिहिलं... बहीण. सेल्वमची दोन बोटं गेली, पाय वाचला.

यंदा पट्टी बांधता बांधताच ती तळ्यावर कोसळली. सेल्वमनं तिला त्याच खिडकीशी नेलं. तोच प्रश्न आला. मी चेन्नईहून पोचलो तेव्हा फाइल पाहिली. नातं, भाऊ. खाली अंगठा. तिला लगेच खाट मिळाली होती. दुपारपर्यंत ती होती आणि एकटी नव्हती.

"आमची भाषा कुठं शिकलात?" मी विचारलं.

"तंजावरास, तुमच्यांतल्याच घरीं वीस वर्षें स्वयंपाक केला." मग खाली बघत म्हणाला, "त्या दिवशीं अस्कें कळलें मज." तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

पिशवी मी त्यालाच दिली. देण्याआधी रिकामी केली, तर आतल्या कप्प्यात एक पेन आणि दोऱ्यानं बांधलेला जादा चष्मा निघाला. त्या दिवसानंतर आत्यानं माझ्याकडे सही कधीच मागितली नाही.